पूर्वेकडचे तीन इंच

बांधकाम पुरं झालं की ड्रॉइंगं गुंडाळून कपाटात जातात आणि किस्से बाहेर येतात. सगळ्याच साइटवर असं होतं, पण स्टेडियमचे किस्से जरा जास्तच साठतात. कारण तिथे प्रत्येक जण तज्ज्ञ असतो! पुलाच्या खांबाबद्दल रस्त्यावरचा माणूस मत देत नाही. फुटबॉलच्या मैदानाबद्दल मात्र पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं.

आमचं स्टेडियम बोरिवली पश्चिमेला, खाडीकडच्या अंगाला. नाव सांगत नाही. नाव कळलं की लोक पास मागतात. ते बांधलं तेव्हा मी तिथे ज्युनियर साइट इंजिनिअर होतो, आता तिथलीच देखभाल बघतो.

शनिवारी सकाळी तिथल्या कँटीनला आमचं चौघांचं टोळकं जमतं. आर्किटेक्ट नेने मॅडम, पक्क्या पार्ल्याच्या. हेडमाळी कांबळेमामा, मूळचे वाशिमकडचे. मी, सुर्वे. आणि घाडीकाका. घाडीकाकांचा या स्टेडियमशी कागदोपत्री काडीचाही संबंध नाही, पण त्यांच्याशिवाय आमचा एकही किस्सा पुरा होत नाही.

* * *

सर्व्हेचा पहिला दिवस. स्टेडियम व्हायचं होतं ती जागा तेव्हा नुसतं मैदान होती. धूळ, दोन गोलपोस्ट आणि कडेला एक मोठा काळा दगड. त्या दगडावर एक बुटके म्हातारे गृहस्थ मॅच बघत बसले होते. हे घाडीकाका. लालबागची गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला आले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच दगडावर!

आता थोडं धंद्याचं सांगतो. काम सुरू करताना एक पक्की खूण लागते. त्या खुणेची उंची एकदा लिहून ठेवायची आणि पुढे जे जे बांधायचं त्याची उंची तिच्यावरून मोजायची. आम्ही तिला टीबीएम म्हणतो. खूण कशावरही करा, एकच अट, ती वस्तू हलता कामा नये.

आमचे साहेब फोनवर म्हणाले, "सुर्वे, दोन खुणा कर. एक फाटकाच्या खांबावर आणि दुसरी तिथं न हलणारं जे काही असेल त्याच्यावर."

मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "काय रे, या मैदानात न हलणारं काय आहे?"

तो म्हणाला, "दोनच गोष्टी, साहेब. तो दगड आणि घाडीकाका!"

मी रंगाचा डबा घेऊन दगडापाशी गेलो. "काका, जरा उठता का?"

"फस्टाप चालू आसा," काका मैदानावरची नजर न काढता म्हणाले.

मी हाफटाइमपर्यंत उन्हात उभा राहिलो. मग काका उठले, मी दगडावर लाल त्रिकोण काढला, उंची लिहून घेतली. काकांनी विचारलं, "ह्या कित्याक?"

मी सांगितलं, इथे मोठं स्टेडियम होणार.

काका म्हणाले, "आणि मी मॅच खयसून बघू?"

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. त्या वयात माणूस शब्द फार सढळ हाताने वाटतो. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका. तुमची जागा जाणार नाही. इथूनच मॅच बघाल तुम्ही!"

* * *

नेने मॅडमनी पहिल्यांदा मैदान पूर्व-पश्चिम आखलं होतं. प्लॉट तसाच लांबट होता, गाड्यांना जागा सुटत होती, सगळे खूश होते. मग मॅडमना झोप लागेना. मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जाईल का? त्यांनी कॉम्प्युटरवर बारा महिन्यांचा सूर्य फिरवून बघितला. पंधरा दिवस तेच चाललं होतं. शेवटी सगळं ड्रॉइंग मोडून त्यांनी मैदान उत्तर-दक्षिण केलं.

नवा नकाशा घेऊन त्या साइटवर आल्या. काका दगडावर होतेच. मॅडमनी कौतुकानं त्यांना सूर्याचं सगळं समजावून सांगितलं.

काका म्हणाले, "तर काय! आमी टॉस जिंकलो की समोरच्या गोलीक सेकंडाफात खाडीकडे तोंड करून उभो करू. पाच वाजल्यार तेका बॉल काय, सोताचे हात दिसत नसत! चाळीस वर्सां आमी असेच जिंकतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पंधरा दिवस गेले माझे. आधी का नाही सांगितलंत?"

"माका कोणी इचारूकच नाय!"

* * *

मैदान फिरलं आणि नकाशावर काकांचा दगड पूर्वेच्या स्टँडमध्ये गेला. पूर्वेचा स्टँड म्हणजे मावळत्या उन्हाकडे तोंड करून बसायचा, साध्या तिकिटांचा. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग नेमकी जागा बघितली. दगड होता तिथे लेडीज टॉयलेट!

मी भीत भीत मॅडमना काकांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं. त्या उखडल्याच. "तू कोण रे शब्द देणारा? मालक आहेस का? उद्या तो चहावाला येईल, परवा तिथे कुत्री बसतात ती येतील!"

मी मान खाली घालून उभा राहिलो. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला न सांगता मैदानावर गेल्या. चहावाल्यानं नंतर सांगितलं, काकांनी त्यांना दगडावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. पुरी मॅच बघितली दोघांनी! त्या जागेवरून मैदानाचा प्रत्येक कोपरा दिसतो आणि कॉर्नरची किक तर अंगावर आल्यासारखी येते, हे मॅडमना तिथे कळलं.

आठवड्यानं नवा नकाशा आला. टॉयलेट अकरा फूट सरकलं होतं. मीटिंगमध्ये कोणीतरी कारण विचारलं. मॅडम पापणी न लववता म्हणाल्या, "व्हेंटिलेशन!"

पुढे त्याच जागी एकदा जिना आला, एकदा अँब्युलन्सचं गेट आलं. दर वेळी व्हेंटिलेशन. अँब्युलन्सच्या गेटाला व्हेंटिलेशन कशाला, हे कोणीच विचारलं नाही. शेवटी तिथे आली पहिल्या रांगेतली खुर्ची.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "सगळे सरकले, मी काय सरकूक नाय!"

* * *

कांबळेमामा आले ते स्टँडच्याही आधी. गवत वर्षभर आधी वाढवायला घ्यावं लागतं, म्हणून पूर्वेच्या रिकाम्या बाजूला, काकांच्या दगडाशेजारी, त्यांची गवताची रोपवाटिका झाली. मामा गवतावर चप्पल घालत नाहीत. वर्षातून दोनच सुट्ट्या घेतात, चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर. बाकी सगळे दिवस गवतापाशी.

एकदा परदेशातून गवताचे सल्लागार आले. त्यांनी जमिनीत सुई खुपसायचं एक मीटर आणलं होतं, ओल मोजायला. ते दर दोन पावलांवर सुई खुपसत आणि आकडा मोठ्यानं वाचत. मामा मागून अनवाणी चालत आणि आकडा यायच्या आधीच सांगत, "इथं कोरडं हाये. इथं बरं हाये. इथं पाणी जास्त झालं."

मैदानाच्या मध्यावर आल्यावर सल्लागारांनी मीटर पिशवीत टाकलं, बूट काढले, मोजे काढले आणि मामांच्या मागून चालायला लागले!

मग बगळ्यांचा प्रश्न निघाला. रोज सकाळी चाळीस-पन्नास बगळे गवतात उतरायचे. साहेब म्हणाले, त्यांना हाकला, फटाके लावा. मामांनी ठाम नकार दिला. "साहेब, माती मेली तर बगळा येते काय? ते फुकटचे इन्स्पेक्टर हायत. त्याईले हाकलून मंग तुमी पगारी ठेवसान."

बगळे अजून आहेत. गवतही आहे.

* * *

पश्चिमेचा स्टँड आधी बांधला. तोपर्यंत पूर्वेला नुसता दगड, गवत, मामा आणि काका. मॅच बंद झाल्या होत्या, पण काका वेळेवर यायचे. वॉचमन त्यांना पिवळं हेल्मेट घालायचा आणि आत सोडायचा. मग काका दगडावर बसून बांधकाम बघायचे, अगदी मॅच बघितल्यासारखं!

"तो क्रेनवालो बघ, कायम ऑफसाइड. आणि तुमचो मुकादम नुसतो शिट्टी मारता, धावना नाय."

एके दिवशी कंत्राटदारानं पायऱ्यांचे काँक्रीटचे तयार तुकडे आणून नेमके दगडासमोर रचले. संध्याकाळी काकांनी मला गाठलं. "झिला, माका काय दिसणा नाय. वायच सरकव ना ते."

मी घाईत होतो. "बघतो, काका," म्हटलं आणि साफ विसरलो. आठवड्यानं आठवलं तेव्हा धावत गेलो. तुकडे तिथेच होते, पण काका मजेत बसून मुकादमाला नावं ठेवत होते. मला वाटलं, सवय झाली असेल. बरं झालं, एक काम वाचलं!

* * *

हा किस्सा माझ्या बेइज्जतीचा आहे, म्हणून लवकर उरकतो.

दिवाळीनंतर पूर्वेचा स्टँड सुरू झाला. पश्चिमेच्या उंच्या जिच्यावरून घेतल्या ती फाटकाच्या खांबावरची खूण डंपरनं कधीच जमीनदोस्त केली होती. राहिला दगड. मी दगडावरून उंच्या घेतल्या, पुढच्या खांबांवर खुणा केल्या. मग दगडाचं काम संपलं. क्रेननं तो उचलून गवताच्या रोपवाटिकेत ठेवला, खालच्या विटांचा चुरा, माती साफ केली आणि पाया घातला. स्टँडच्या पायऱ्या बसल्या.

आणि एका सकाळी साहेबांनी पश्चिमेच्या तयार स्टँडवरून पूर्वेकडे दुर्बीण लावली. पूर्व तीन इंच वर!

वाट लागली. आमच्या धंद्यात अर्ध्या इंचाला शिव्या बसतात, हे तर तीन होते. उंची घ्यायचं मशीन तपासायला पाठवलं, ते बरोबर निघालं. मोजपट्टी तपासली, बरोबर. माझी वही तीन जणांनी तीनदा वाचली, बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर.

साहेब म्हणाले, "मशीन बरोबर, आकडे बरोबर, आणि दगड काही हलत नाही. मग काय, जमीन फुगली?"

मला मेमो मिळाला. पायऱ्या तोडण्यासारखं मोठं प्रकरण नव्हतं, मॅडमनी जिन्याच्या शेवटच्या पायरीत ते तीन इंच पचवले. पण मला नाही पचले. आपल्याला साधी उंची घेता येत नाही, या विचारानं मला जेवण जाईना. नोकरी सोडायचं पत्रही लिहून ठेवलं होतं.

त्या दिवशी गवतात काकांच्या दगडावर बसवून कांबळेमामांनी मला चहा पाजला. "साहेब, जमीनच हाये ते. तिच्या मनात काय असते, कोणाले ठाऊक!"

काकांनीही पाठीवर हात फिरवला. "होता असा, झिला. चांगल्या चांगल्या गोलीचे बॉल सुटतत."

पत्र मी दिलं नाही, ते त्या दोघांमुळे.

* * *

उद्घाटनाच्या मॅचला दोन दिवस राहिले आणि जाहिरातींचे बोर्ड आले. मैदानाच्या चारी बाजूंनी, कमरेएवढे. मॅडम पश्चिमेच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि मला हाक मारली. "सुर्वे, इथे ये. बस. जवळची लाइन दिसते का?"

मी उंच आहे. मला दिसत होती, कशीबशी. मॅडमना दिसत नव्हती. बोर्डाच्या वरच्या कडेनं ती नेमकी खाल्ली होती.

"बोर्ड खाली होणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मी विचारून आले." मग त्यांनी पर्समधून कागद काढला आणि तिथल्या तिथे पूर्वेच्या पहिल्या रांगेचा हिशोब केला. त्यांच्या हातात मूळचं ड्रॉइंग होतं. काका बसले की त्यांचे डोळे किती उंचीवर येतात, हे त्यांना पाठ होतं. त्या कागदावर एकदाच वाकल्या आणि पेन्सिल ठेवून दिली.

"अडीच इंचानं जातंय रे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा शब्द आपण पाळला. टॉयलेट सरकवलं, जिना सरकवला, गेट सरकवलं. त्यांची जागा त्यांना मिळाली. फक्त तिथून त्यांना मॅच दिसणार नाही."

मी म्हटलं, उशी देऊ. मॅडम म्हणाल्या, "माणूस चाळीस वर्षं दगडावर बसला. तो उशी घेईल?" नंतर आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. मला त्या दोन दिवसांत फार वाईट वाटत होतं. मेमो मिळाला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

* * *

उद्घाटनाचा दिवस. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि मागच्या रांगेत कांबळेमामा, आयुष्यात पहिल्यांदा गवताकडे बुटात बसून बघत. काका खुर्चीपाशी आले. खुर्ची बघितली, मग मैदान बघितलं. मग सावकाश बसले.

मॅडम बोर्डाकडे बघतच नव्हत्या. मीच विचारलं, "काका, दिसतंय?"

काकांनी मान डावीकडून उजवीकडे फिरवली.

"झेंडो दिसता," काका म्हणाले. "कॉर्नर दिसता." मग थोडे पुढे झाले. "हयली लायन दिसता. चुनो ताजो आसा. लाइन्समनाचे बूट दिसतत, डाव्याची नाडी सुटली हा."

मॅडमनी झटकन माझ्याकडे बघितलं. "सुर्वे... तुझे तीन इंच!"

खरंच की! ड्रॉइंगवर पूर्व बरोबर होती. तीन इंच वर होती ती खरी पूर्व, माझ्या मेमोतली! मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. मॅडम खांद्यावर थापा मारत म्हणाल्या, "फ्रेम कर तो मेमो, फ्रेम कर!"

काकांना काही कळेना. "काय झाला?"

मी सांगितलं, "काका, हा स्टँड चुकून तीन इंच वर झालाय. म्हणून तुम्हाला दिसतंय. कसा झाला ते मात्र देवाला ठाऊक."

"तीन इंच?" काकांनी बोटांनी अंदाज घेतला. "म्हणजे एक वीट. पुरे होता तेवढा. मागे ते पायऱ्यांचे तुकडे माझ्यासमोर रचलेले, आठवता? तू बघतो म्हणून गेलंस तो गेलंसच. तेव्हापण एका विटेनच काम झाला. वॉचमन, मी आणि ह्यो कांबळे, तिघांनी पार लावन दगड उचललो आणि खाली विटा सारल्यो. मगे मस्त दिसूक लागला!"

मागून कांबळेमामा म्हणाले, "हाव ना, पहार म्याच लावली होती. चांगला जड होता बाप्पा!"

मॅडमचा हात माझ्या खांद्यावर होता तिथेच राहिला. रेफरीनं शिट्टी मारली, मॅच सुरू झाली, आणि मी काकांकडे बघतच राहिलो.

काकांना वाटलं, मी रागावलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "भिया नको, झिला. दगडावर तुझी ती तांबडी खूण होती मा, तेका धक्को लागूक दिलंय नाय. आधी गोणपाट बांधला, मगेच पार लावली. म्हटला, सायबाचा कायतरी महत्त्वाचा असतला."